राजमान्य आणि लोकमान्य : राष्ट्रीय सन्मानांविषयी थोडा विचार

: १ :

खंडव्याहून अकोल्याकडे जाणारा जुना मीटरगेज लोहमार्ग सातपुड्याच्या दाट अरण्यात शिरण्यापूर्वी तुकईथड नावाच्या एका लहानशा स्थानकावरून जात असे. हे गाव आज मध्य प्रदेशातील बऱ्हाणपूर जिल्ह्यात मोडते; पण त्याचे नाव मराठी कानाला परके वाटत नाही. तुकई हे देवीचे नाव महाराष्ट्रात सर्वत्र ऐकू येते, आणि 'थड' म्हणताच भीमथडी, गंगथडी हे शब्द आठवतात. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना होईपर्यंत निमाड व वऱ्हाड हे दोन्ही प्रदेश एकाच राज्यात होते. पुढे वऱ्हाड मुंबई राज्यात व तेथून महाराष्ट्रात आले, निमाड मध्य प्रदेशातच राहिले आणि सातपुड्याच्या अंगावर एक रेषा उमटली. रेषेच्या दोन्ही बाजूंना कोरकू लोकांची वस्ती आहे. त्यांच्या दृष्टीने डोंगर एकच आहे.

राष्ट्रीय सन्मानांसंबंधी लिहावयाचे म्हणजे दिल्लीपासून आरंभ करण्याचा प्रघात आहे. सन्मान तेथे जाहीर होतात, तेथेच दिले जातात, म्हणून त्यांचा विचारही तेथूनच व्हावा असे आपण गृहीत धरतो. प्रस्तुत लेखात हा विचार तुकईथडाहून करावयाचा आहे. यात केवळ चमत्कृतीचा हेतू नाही. या गावाच्या पश्चिमेस बऱ्हाणपूर आहे, उत्तरेस खंडवा आहे आणि पूर्वेस मेळघाट आहे. बऱ्हाणपुरात आपणांस राजाने दिलेल्या जुन्या किताबाचे स्वरूप पाहावयास सापडते. खंडव्यात राष्ट्राने दिलेला सन्मान परत करणारा कवी भेटतो. आणि मेळघाटात, ज्या सेवेसाठी असे सन्मान निर्माण झाले ती सेवा प्रत्यक्ष पाहता येते. या तिन्ही ठिकाणी मिळून एकच प्रश्न उभा राहतो. सन्मान माणसाच्या नावाला लागतो, की त्याच्या कामाला? आपल्या प्रजासत्ताकाने या प्रश्नाचे निःसंदिग्ध उत्तर देऊन ठेवले आहे. ते उत्तर आपल्या बोलण्यालिहिण्यात मात्र अद्याप उतरलेले नाही, आणि भाषेच्या अभ्यासकांनी याची दखल घ्यावयास हवी असे मला वाटते.

: २ :

बऱ्हाणपूर हे मोगलांच्या दक्षिणेतील कारभाराचे केंद्र. अकबर व जहांगीर यांच्या काळात अब्दुर्रहीम या सरदाराचे या शहरी दीर्घकाळ वास्तव्य होते. गुजरातेच्या मोहिमेतील पराक्रमाबद्दल अकबराने त्यास 'खानखानान' हा किताब दिला, आणि पुढे इतिहासात त्याचा निर्देश बहुधा याच किताबाने होऊ लागला. किताब हेच नाव बनले. शहराच्या पोटातून सातपुड्याचे पाणी खेळविणारी 'कुंडी भंडारा' ही भुयारी योजना १६१५ च्या सुमारास त्याच्या कारकिर्दीत झाली, अशी परंपरा आहे. शंभरांहून अधिक विहिरीवजा कुंड्या आणि त्यांना आतून जोडणारा बोगदा, अशी ही रचना आजही पाहणाऱ्यास थक्क करते. किताब मिळाला तो रणातील विजयासाठी. नगराला पाणी दिले यासाठी नव्हे. लोकांनी मात्र हा माणूस ध्यानात ठेवला तो त्याच्या दोह्यांमुळे आणि पाण्यामुळे. आणि त्यांच्या तोंडी राहिले ते साधे 'रहीम' हेच नाव.

मराठी राज्यातही किताबांची रीत याच वळणाची होती. शिवछत्रपतींनी कुडतोजी गुजर यांस 'प्रतापराव' आणि हंसाजी मोहिते यांस 'हंबीरराव' हा किताब दिला. आज प्रतापराव गुजर शाळकरी मुलासही ठाऊक असतात. कुडतोजी कोण, हे मात्र समजावून सांगावे लागते. नागपूरकर भोसल्यांचे 'सेनासाहेब सुभा' हे पद तर घराण्यातून पुढे चालत राहिले. किताब हा नुसता गौरव नव्हता. त्याच्या पाठोपाठ हुद्दा, सरंजाम, दरबारातील मानाची जागा आणि लष्करी जबाबदारी हे सर्व येत असे. तो नावाला लागे, आणि नावाबरोबर बहुधा पुढच्या पिढीकडेही जाई.

युरोपातील सन्मानसंघांचा उगम याहून फारसा वेगळा नाही. आपल्याकडे स्वतःचा घोडा घेऊन चाकरीस येणारा तो शिलेदार, आणि सरकारी घोड्यावर बसणारा तो बारगीर. तिकडेही घोडेस्वार योद्ध्यांचे व्रतबद्ध संघ होते, आणि फ्रेंच भाषेतील 'शेव्हालिए' ही पदवी घोड्याच्या नावावरूनच आलेली आहे. अशा संघात सन्मान 'मिळत' नसे. त्यात माणसाचा 'प्रवेश' होत असे. पुढे युद्धाची रीत पालटली, घोडा मागे पडला. परंतु राजांनी संघाचा साचा टाकून दिला नाही. त्यांनी त्यात नवी माणसे भरली. योद्ध्याच्या जागी अधिकारी आला, वैद्य आला, दानशूर व्यापारी आला, शिक्षक आला. इंग्लंडात १९१७ साली 'ब्रिटिश एम्पायर' नावाचा जो संघ स्थापन झाला त्यात रणांगणाबाहेर सेवा करणाऱ्या सामान्य नागरिकांना व स्त्रियांनाही प्रवेश मिळाला. सार्वजनिक सेवेला शूराचा मान देण्याची ही कल्पना निःसंशय उदात्त होती. तथापि त्या संघाच्या वरच्या पायरीवर पोचणाऱ्या पुरुषाच्या नावामागे 'सर' हा शब्द लागतच राहिला. घोडा गेला, पण नावाचा अलंकार गेला नाही.

हिंदुस्थानात इंग्रज सरकारने १८६१ साली 'स्टार ऑफ इंडिया' आणि १८७८ साली 'इंडियन एम्पायर' असे दोन संघ स्थापिले. त्यांच्या खालच्या पायऱ्यांवर रावसाहेब, रावबहादूर, खानबहादूर, दिवाणबहादूर असे किताब होते. १८८७ पासून संस्कृत पंडितांसाठी 'महामहोपाध्याय' ही पदवी होती. १९०० साली खास सार्वजनिक सेवेसाठी 'कैसर-इ-हिंद' हे पदक सुरू झाले, आणि ते १९१९ साली पंडिता रमाबाईंना मिळाले. या सर्वांकडे केवळ तुच्छतेने पाहणे न्यायाचे होणार नाही. लोकहितवादी रावबहादूर होते, न्यायमूर्ती रानडेही रावबहादूर होते, आणि दोघांच्या योग्यतेविषयी कोणी शंका घेणार नाही. अडचण किताब घेणाऱ्याची नव्हती; ती देणाऱ्याची होती. सेवा लोकांची आणि तिचे मोल ठरविणार परके सरकार, अशी ही व्यवस्था होती. त्या मोजमापात लोकसेवेबरोबर राजनिष्ठाही तोलली जाई. नामदार गोखल्यांनी १९०४ साली 'सी. आय. ई.' हा सन्मान स्वीकारला. परंतु दहा वर्षांनी, १९१४ साली, 'सर' म्हणवून घेण्याची संधी आली तेव्हा त्यांनी ती नाकारली. नावात बदल करून घेण्यास त्यांचे मन धजले नसावे, असा तर्क करण्यास जागा आहे.

याच काळात मराठी समाजाने आपली एक समांतर रीत निर्माण केली. ११ मे १८८८ रोजी मुंबईत मांडवीच्या कोळीवाड्यात झालेल्या सभेत जोतीराव फुल्यांना 'महात्मा' ही पदवी अर्पण करण्यात आली. ती अर्पण करणारे विठ्ठलराव वंडेकर हे स्वतः सरकारचे रावबहादूर होते. सरकारचा किताब धारण करणाऱ्या गृहस्थाने लोकांच्या वतीने लोकांची पदवी द्यावी, हा प्रसंग मोठा अर्थपूर्ण आहे. पुढे टिळक लोकमान्य झाले, कर्वे महर्षी झाले, भाऊराव पाटील कर्मवीर झाले. पत्राच्या आरंभी आपण परस्परांस 'राजमान्य राजश्री' असे लिहीत होतो. त्या 'राजमान्य' शब्दाशेजारी 'लोकमान्य' हा शब्द आपल्या भाषेने उभा केला. मानाचा उगम कोठे असतो, याविषयीची एक संपूर्ण विचारसरणीच या दोन शब्दांत सामावलेली आहे.

: ३ :

स्वातंत्र्य मिळाल्यावर राजा गेला. म्हणून 'राजमान्य' ही कल्पनाही जावयास हवी होती. १९५० साली अमलात आलेल्या संविधानाच्या अठराव्या अनुच्छेदाने लष्करी व विद्याविषयक पदव्यांचा अपवाद करून राज्यसंस्थेला कोणताही किताब देण्यास मनाई केली, आणि परकीय राज्याचा किताब स्वीकारण्यासही नागरिकास प्रतिबंध केला. हा अनुच्छेद समानतेच्या हक्कांत घातलेला आहे, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. घटनाकारांच्या दृष्टीने किताब हा शिष्टाचाराचा प्रश्न नव्हता. अस्पृश्यता नष्ट करणारा सतरावा अनुच्छेद आणि किताब नष्ट करणारा अठरावा, हे एकमेकांस लागून आहेत. एकाने जन्मामुळे माथी मारलेला कमीपणा नाहीसा केला, तर दुसऱ्याने नावामुळे मिळणारा मोठेपणा.

परंतु मोठेपणाचा किताब रद्द केला म्हणून चांगल्या कामाची कृतज्ञता रद्द होत नाही. या जाणिवेतून २ जानेवारी १९५४ रोजी 'भारतरत्न' व 'पद्मविभूषण' हे सन्मान निर्माण करण्यात आले. पद्मविभूषणाचे त्या वेळी पहिला वर्ग, दुसरा वर्ग व तिसरा वर्ग असे तीन भाग होते. ही वर्गवारी कचेरीच्या खात्यासारखी वाटते, आणि ती टिकलीही नाही. ८ जानेवारी १९५५ च्या अधिसूचनेने त्या तीन वर्गांना पद्मविभूषण, पद्मभूषण व पद्मश्री ही आजची नावे मिळाली. असाधारण व विशिष्ट सेवेसाठी पहिला, उच्च कोटीच्या विशिष्ट सेवेसाठी दुसरा, आणि कोणत्याही क्षेत्रातील विशिष्ट सेवेसाठी तिसरा, असा त्यांचा क्रम आहे.

या सन्मानांची कार्यपद्धती थोडक्यात सांगितली पाहिजे, कारण तिच्याविषयी गैरसमज पुष्कळ आहेत. भारतरत्नासाठी पंतप्रधान राष्ट्रपतींकडे शिफारस करतात. पद्म सन्मानांसाठी पंतप्रधान दरवर्षी एक समिती नेमतात. मंत्रिमंडळाचे सचिव तिचे अध्यक्ष असतात. गृहसचिव, राष्ट्रपतींचे सचिव आणि चार ते सहा मान्यवर व्यक्ती तिचे सदस्य असतात. नावे राज्य सरकारांकडून व मंत्रालयांकडून येतात, तशीच ती कोणाही नागरिकाकडून येऊ शकतात. स्वतःचे नाव स्वतः सुचविण्यासही बंदी नाही. समितीची शिफारस पंतप्रधान व राष्ट्रपती यांच्याकडे जाते, आणि प्रजासत्ताकदिनाच्या पूर्वसंध्येस यादी जाहीर होते. मरणोत्तर सन्मान आणि परदेशस्थांना दिलेले सन्मान वगळता वर्षाला १२० हून अधिक पद्म सन्मान दिले जात नाहीत. सरकारी सेवेतील मनुष्य, तो वैद्य किंवा शास्त्रज्ञ नसेल तर, सेवेत असेपर्यंत या सन्मानास पात्र ठरत नाही.

निवडीच्या कसोट्यांत दोन गोष्टी विशेष आहेत. एक म्हणजे केवळ दीर्घ सेवा पुरेशी मानलेली नाही. सेवा विशेष असली पाहिजे. दुसरी अशी की, आपल्या क्षेत्रातील प्रावीण्य एवढ्यानेही काम भागत नाही. प्रावीण्याहून काहीतरी अधिक हवे, आणि त्या कर्तृत्वात लोकसेवेचा अंश हवा. अर्थात नियम कितीही नेटके असले तरी त्यांच्या वापरात माणसाची पारख आणि माणसाचा मोह हे दोन्ही येणारच. प्रत्येक यादीवर टीका होते, आणि ती पुष्कळदा साधार असते.

सन्मानितास काय मिळते? राष्ट्रपतींच्या सहीशिक्क्याची एक सनद, एक पदक, आणि समारंभप्रसंगी धारण करावयाची त्या पदकाची एक छोटी प्रतिकृती. पदकावर कमळ आहे आणि सन्मानाचे नाव देवनागरीत कोरलेले आहे. सन्मानाबरोबर रोख रक्कम नाही, जमीन नाही, वर्षासन नाही. आगगाडीच्या भाड्यात सवलतसुद्धा नाही. सरंजामापासून येथवरचा हा प्रवास मोठा आहे. प्रतापरावांच्या किताबात घोडा होता, फौज होती आणि नाव होते. पद्मश्रीत यांपैकी काहीही नाही. आहे ती एवढीच गोष्ट की, राष्ट्राने एका कामाकडे पाहिले आणि ते चांगले आहे असे म्हटले.

: ४ :

हे राष्ट्राचे पाहणे किताबाहून खरोखर निराळे आहे काय? हा प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला गेला. आचार्य कृपलानींनी १९६९ साली हे सन्मान रद्द करण्यासाठी लोकसभेत विधेयक आणले होते. १९७७ साली सत्तेवर आलेल्या जनता सरकारने ते बंदच केले, आणि १९८० साली ते पुन्हा सुरू झाले. १९९२ साली हा वाद न्यायालयांत गेला. एक अर्ज केरळच्या उच्च न्यायालयात होता, आणि दुसरा निमाडाच्या शेजारी, मध्य प्रदेश उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठापुढे होता. त्यानंतर १९९३ ते १९९७ या वर्षांत पद्म सन्मान दिले गेले नाहीत. सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या पीठाने १५ डिसेंबर १९९५ रोजी निकाल दिला. हे सन्मान अठराव्या अनुच्छेदातील किताब या संज्ञेत बसत नाहीत, म्हणून ते घटनाबाह्य नाहीत, असे न्यायालयाने ठरविले. परंतु त्याला एक अट आहे. हे सन्मान नावाच्या मागे वा पुढे जोडता येणार नाहीत, आणि जो जोडील त्याचा सन्मान काढून घेतला जाऊ शकेल. सारांश, हा सन्मान जोपर्यंत नावापासून दूर आहे तोपर्यंतच तो घटनेशी सुसंगत आहे. नावाला चिकटताच तो किताब बनतो.

हा निकाल लागून तीन दशके होत आली. तरी आपल्या निमंत्रणपत्रिका, फलक, मानपत्रे, फार काय पुस्तकांची मुखपृष्ठेही पाहावीत. 'पद्मश्री अमुक', 'पद्मभूषण तमुक' ही रूपे सर्वत्र आढळतात. यात कोणाचा दुष्ट हेतू नसतो. बहुधा आदरच असतो. मला वाटते, या चुकीचे मूळ काही अंशी शब्दांतच आहे. 'श्री' हा शब्द मराठीत नावामागे लावण्यासाठीच आहे. 'राजमान्य राजश्री' पुढे 'रा. रा.' झाले, 'रा. रा.' चे 'श्री.' झाले, आणि प्रजासत्ताकात ते 'श्री.' प्रत्येक नागरिकाच्या वाट्यास सारखेच आले. मग ज्या सन्मानाच्या नावातच 'श्री' आहे तो आपल्या लेखणीतून सहजच नावामागे जाऊन बसतो. समतेचा जो 'श्री' सर्वांना मिळाला होता, त्याचीच एक उंच आवृत्ती आपण नकळत निर्माण करतो. चिंतामणराव देशमुखांच्या आयुष्यात या दोन्ही रीती एकत्र आल्या. १९४४ साली इंग्रज सरकारने त्यांना 'सर' केले, आणि १९७५ साली स्वतंत्र भारताने त्यांना पद्मविभूषण दिले. पहिल्याने त्यांचे नाव बदलले. दुसऱ्याने ते बदलावयाचे नव्हते.

येथे खंडव्याची आठवण होते. हिंदी कवी व पत्रकार माखनलाल चतुर्वेदी यांची कर्मभूमी खंडवा. १९६३ साली त्यांना पद्मभूषण मिळाले. १९६७ साली राजभाषाविषयक दुरुस्तीच्या निषेधार्थ त्यांनी तो सन्मान परत केला. ते तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते. त्यांच्या भूमिकेशी मराठी वाचक सहमत असो वा नसो. मराठीभाषकांचा हिंदीविषयीचा अनुभव वेगळा आहे आणि तो वेगळेपणाने मांडणे योग्यच आहे. परंतु भाषेसाठी केलेल्या कामाचा गौरव, भाषेच्याच प्रश्नावर परत करावा, यात एक तर्कसंगती आहे. पुढे याच निमाडात दुसरा असा प्रसंग घडला. बाबा आमटे यांना १९७१ साली पद्मश्री व १९८६ साली पद्मविभूषण मिळाले होते. नर्मदेवरील मोठ्या धरणांमुळे विस्थापित होणाऱ्यांच्या बाजूने ते उभे राहिले, आनंदवन सोडून नर्मदाकाठी कसरावदला येऊन राहिले, आणि १९९१ साली त्यांनी हे सन्मान परत केले.

सन्मान परत करण्याची ही कृती नीट पाहिली तर तिच्यातून सन्मानाचे स्वरूप स्पष्ट होते. ज्या कामासाठी राष्ट्राने गौरव केला, त्याच कामाशी राष्ट्राचे वागणे विसंगत आहे, असे सन्मानित मनुष्य म्हणतो. त्याचा दावा स्वतःच्या मोठेपणाचा नसतो. कामाच्या मोठेपणाचा असतो. पद्म परत केल्याने माखनलाल लहान झाले नाहीत, बाबा आमटेही लहान झाले नाहीत. त्यांचे नाव पूर्वी होते तेवढेच राहिले, कारण सन्मान त्या नावाचा भाग नव्हताच.

: ५ :

आता मेळघाट. तुकईथडाच्या पुढे लोहमार्ग ज्या अरण्यात शिरत असे, त्याच अरण्याच्या प्रदेशात, धारणी तालुक्यात, बैरागड हे गाव आहे. नागपुरास वैद्यकीय शिक्षण घेतलेले डॉ. रवींद्र कोल्हे १९८५ च्या सुमारास तेथे गेले. गावापर्यंत वाहन जात नसे. शेवटचा लांबचा पल्ला पायी तुडवावा लागे. पुढे विवाहानंतर डॉ. स्मिता कोल्हे त्यांच्याबरोबर तेथे राहू लागल्या. रुग्णाकडून त्यांनी घेतलेली फी एकदोन रुपयांची. बाळंतपणे, न्यूमोनिया, कुपोषण यांच्याशी झगडता झगडता त्यांच्या ध्यानात आले की, रोगाचे मूळ पुष्कळदा रिकाम्या पोटात असते. म्हणून ते शेतीच्या प्रश्नाकडे वळले. २०१९ साली या दांपत्यास मिळून पद्मश्री देण्यात आली. तोवर तीन दशके उलटून गेली होती.

मेळघाटातच चिखलदऱ्याच्या परिसरात सिंधुताई सपकाळ यांच्या कार्याचा आरंभ झाला. शाळेचे शिक्षण अर्धवट राहिलेली, घरातून बाहेर काढलेली ही स्त्री अनाथांची माई झाली. २०२१ च्या यादीत त्यांचे नाव आले, आणि ४ जानेवारी २०२२ रोजी त्यांचे निधन झाले. याच डोंगराच्या पायथ्याशी, अमरावती जिल्ह्यातील वझ्झर येथे, शंकरबाबा पापळकर यांनी टाकून दिलेल्या दिव्यांग मुलांचा सांभाळ केला. २०२४ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या कामातील एक गोष्ट आपल्या विषयाच्या दृष्टीने फार बोलकी आहे. ज्या मुलांना आईबापांचे नाव नव्हते त्यांना त्यांनी स्वतःचे नाव दिले. कागदोपत्री त्या मुलांच्या वडिलांच्या जागी शंकरबाबांचे नाव लागते. राष्ट्राने दिलेला सन्मान त्यांच्या नावाला लावावयाचा नाही. परंतु त्यांचे नाव शंभरांहून अधिक मुलांच्या नावांना लागले आहे. नावाचा याहून मोठा उपयोग कोणता असेल, हे मला सुचत नाही.

अशी नावे राष्ट्रीय यादीत कशी पोचतात? नाव सुचविणाऱ्याने त्या व्यक्तीच्या कार्याचे वृत्त द्यावयाचे असते, आणि ते ८०० शब्दांच्या आत बसवावयाचे असते. २०१६ पासून ही सूचना संगणकाच्या द्वारे थेट पाठविता येते. त्यामुळे शिफारशीची वाट काहीशी मोकळी झाली, आणि त्यानंतरच्या याद्यांत खेड्यापाड्यांतील नावे वाढलेली दिसतात. अकोले तालुक्यातील कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी गावरान बियाणी जपली. शाळेत न गेलेल्या या बाईंना २०२० साली पद्मश्री मिळाली. निमाडी भाषेत कादंबरी लिहिणारे खरगोन जिल्ह्यातील जगदीश जोशीला यांचे नाव २०२५ च्या यादीत आले. ज्या बोलीला पुष्कळ लोक भाषा म्हणावयासही तयार नसतात, तिच्यातील लेखनाकडे राष्ट्राचे लक्ष गेले, ही तुकईथडाच्या परिसराला समाधानाची गोष्ट आहे.

तथापि त्या ८०० शब्दांपाशी थोडे थांबावयास हवे. राष्ट्रीय सन्मानाचा खरा उगम समितीच्या बैठकीत नसतो. तो या ८०० शब्दांत असतो. समितीसमोर ना डोंगर येतो, ना दवाखाना, ना मूल. तिच्यासमोर येते ते वृत्त. जो काम करतो तो बहुधा लिहीत नाही. आणि जो लिहितो त्याला ते काम नेहमी दिसतेच असे नाही. कोरकू पाड्यात रात्री बाळंतिणीपाशी बसणारी दाई, सीमेवरच्या शाळेत मुलांना त्यांच्या बोलीतून शिकविणारा शिक्षक, यांच्याविषयी ८०० शब्द कोण लिहिणार? ज्या गावाच्या जवळ लिहिणारा नाही, त्या गावातील सेवा राष्ट्राच्या दृष्टीने जणू घडतच नाही. यात यादीचा दोष कमी आणि लेखणीचा अधिक आहे.

म्हणून साहित्यसंस्थांचे या बाबतीत दोन प्रकारचे कर्तव्य आहे, असे मी म्हणतो. पहिले साधे आहे. आपल्या पत्रिकांतून, पुस्तकांतून व सभांतून सन्मान नावामागे जोडण्याची रीत आपण सोडून द्यावी. सन्मानाचा उल्लेख करावयाचा तर तो स्वतंत्र वाक्यात, वर्षासह व कामासह करावा. 'पद्मभूषण भाऊराव पाटील' असे न लिहिता, 'रयत शिक्षण संस्थेच्या द्वारे खेड्यांतील मुलांना शिक्षण देणाऱ्या भाऊराव पाटलांना १९५९ साली पद्मभूषण मिळाले', असे लिहावे. वाक्य लांबते हे खरे. पण त्या लांबीत काम येते. कोणी म्हणेल की, मग 'महात्मा', 'लोकमान्य', 'कर्मवीर' यांचे काय? ती लोकांनी प्रेमाने दिलेली नावे आहेत. अठरावा अनुच्छेद राज्यसंस्थेला बांधतो, लोकांच्या जिभेला बांधत नाही. धोंडो केशव कर्वे यांना १९५५ साली पद्मविभूषण मिळाले आणि वयाच्या शंभराव्या वर्षी, १९५८ साली, भारतरत्न मिळाले. तरी महाराष्ट्र त्यांना अण्णा आणि महर्षी याच नावांनी ओळखतो. पांडुरंग वामन काणे यांना १९६३ साली भारतरत्न मिळाले. पण त्यांचे नाव घेताच आठवतो तो धर्मशास्त्राचा इतिहास. बाबासाहेब आंबेडकरांना हा सन्मान १९९० साली, मरणोत्तर, मिळाला. लोकांच्या मुखी त्यांचे जे नाव आहे त्यात सनदेने भर पडली नाही, आणि पडावयाची गरजही नव्हती.

दुसरे कर्तव्य अवघड आहे. आपल्या आसपास चाललेल्या कामाचे खरे, मोजके व साधार वृत्त लिहून ठेवणे, हे ते कर्तव्य होय. हे वृत्त सन्मानासाठीच लिहावयाचे असे नाही. पुष्कळ कामांना सन्मान मिळणार नाहीत. वर्षाला १२० जागा आणि देश एवढा मोठा. परंतु ज्याचे वृत्त लिहिले गेले ते काम निदान विसरले जात नाही, आणि पुढच्या माणसाला त्याचा मार्ग सापडतो. वृत्त लिहिणाऱ्याने विशेषणांचा मोह आवरावा. किती वर्षे, कोणते गाव, काय केले, कोणाचे काय बदलले, एवढे सांगितले तरी पुरे. स्तुतीचे शब्द काढून टाकल्यावर जे उरते त्यावरच परीक्षकाचा विश्वास बसतो, आणि इतिहासाचाही.

बऱ्हाणपुरास रहीमचा किताब ग्रंथांत राहिला आणि पाणी जमिनीखालून वाहत राहिले. राजमान्यता आणि लोकमान्यता यांतील अंतर एवढेच आहे. प्रजासत्ताकाचे सन्मान हे अंतर मिटविण्याचा एक प्रामाणिक, अपुरा आणि म्हणूनच जपण्याजोगा प्रयत्न आहेत. ते नावावर चढवून आपण त्यांना पुन्हा जुन्या किताबांच्या रांगेत बसवू नये. तुकईथडासारख्या गावाला दिल्लीच्या यादीत स्थान मिळो वा न मिळो; त्या गावच्या चांगल्या माणसाचे काम कोणीतरी नीट पाहावे आणि आपल्या भाषेत नीट लिहून ठेवावे, एवढे तरी आपल्या हाती आहे.